तेल लावल्यानंतरची सहा पावले

यंदाच्या स्मरणिकेसाठी अभ्यंग कक्षाची रचना व साहित्य ह्या विषयावर लेख देतो, असे मी संपादक मंडळास कळविले, तेव्हा मंडळातील माझे एक अस्थिशल्यविशारद स्नेही हसून म्हणाले, "वैद्यबुवा, ह्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? एक खोली, एक टेबल आणि एक तेलाची वाटी!" मी त्यांस एवढेच विचारले की, २००९ साली माझ्या चिकित्सालयातून आपणाकडे आलेल्या मास्तरीणबाई आपणास आठवतात ना? त्यांचे हसू मावळले. लेखाचा विषय त्याच बैठकीत मंजूर झाला.

ती हकीकत प्रथम सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यातूनच निघाले आहे.

त्या वेळी माझ्या फोंड्याच्या चिकित्सालयात पंचकर्माचा विभाग सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. जागा भाड्याची, आधीच्या भाडेकरूने बांधलेली. ती मी जशीच्या तशी वापरावयास घेतली. पुढील खोलीत मालिशचे टेबल, मग एक बोळ आणि बोळापलीकडे न्हाणीघर. सर्वत्र पांढऱ्या चकचकीत लाद्या. ह्या लाद्यांचा मला अभिमान होता, कारण त्यांवर डाग दिसत असे आणि म्हणून तो पुसलाही जात असे. बाई ७१ वर्षांच्या, सेवानिवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघ्यांच्या संधिवाताने त्रस्त. आठ दिवसांच्या स्नेहन-स्वेदनाने त्यांस बराच आराम पडला होता. नवव्या दिवशी अभ्यंग आटोपून परिचारिकेने त्यांचे तळवे टॉवेलने पुसले, हात धरला आणि त्यांस न्हाणीघराकडे नेऊ लागली. जुलै महिना होता, लाद्यांना पाणी सुटले होते. टेबलापासून न्हाणीघरापर्यंत सहा पावले. चौथ्या पावलावर बाई पडल्या. उजव्या मांडीच्या हाडाची मान मोडली होती. माझ्या उपरोक्त स्नेह्यांनी दुसऱ्या दिवशी अर्धा कृत्रिम सांधा बसविला.

तिसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो. काय बोलावे हे सुचत नव्हते. बाईंनीच बोलावयास आरंभ केला. "वैद्य, तुमच्या तेलाने गुण येत होता हो. पण आमच्या घरच्या न्हाणीत तेल लावल्यावर कोणी उठून चालत नसे. पाटावर बसायचे, तेल तिथेच, पाणीही तिथेच. तुम्ही माणसाला तेल लावून गावभर हिंडवता."

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात किंवा त्यानंतरच्या वाचनात मला हे वाक्य कोठे भेटले नव्हते. वाग्भटाने दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा असे सांगून डोके, कान आणि पाय ह्या तीन ठिकाणी तो विशेष करावा असे म्हटले आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्या तळव्यांत आपण आवर्जून तेल जिरवितो, त्याच तळव्यांवर त्या माणसास पुढच्या क्षणी उभे करतो, ही विसंगती माझ्या ध्यानी आली नव्हती. टॉवेलने पुसलेला तळवा कोरडा दिसतो, एवढेच. तेलाचा पातळ थर त्वचेच्या रेघांत राहतोच. त्यात वृद्धापकाळी सांध्यांची व तळव्यांची स्थितिजाणीव मंदावलेली असते, पाऊण तास पडून राहिल्यामुळे उठताना रक्तदाब उतरतो आणि चष्मा टेबलाशेजारच्या फळीवर राहिलेला असतो.

आपल्याकडील जुन्या घरांतील न्हाणी आता आठवून पाहिली म्हणजे तिची रचना किती विचारपूर्वक केलेली होती हे कळते. घडीव, खडबडीत दगडाची जमीन. मोरीकडे स्पष्ट दिसेल एवढा उतार. एका अंगास चुलीवर तांब्याचे भाण. त्यामुळे खोली आपोआपच उबदार. बसावयास पाट, म्हणजे पडलेच तर चार बोटांच्या उंचीवरून. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील एकेकास तेथेच तेल, तेथेच उटणे आणि तेथेच पाणी. बाळ-बाळंतिणीस न्हाऊ-माखू घालणारी बाई तर पायांवर बाळ घेऊन बसे. तिचे पाय हेच टेबल. तेल लावणे आणि तेल धुणे ह्या दोन क्रियांमध्ये चालणे नव्हते.

मग आपण चालणे आणले कोठून? माझ्या मते ते चित्रांतून आले. पंचतारांकित स्पाची जी चित्रे आपण नियतकालिकांत पाहतो, ती बहुतांशी पाश्चात्त्य पद्धतीच्या मालिशची असतात. ज्यास आपण 'स्वीडिश मसाज' म्हणतो (खुद्द स्वीडनमध्ये त्यास 'अभिजात मसाज' अशा अर्थाचे नाव आहे), त्यातील हातांचे प्रकार आणि त्यांची फ्रेंच नावे ह्यांचे श्रेय सामान्यतः योहान गेओर्ग मेत्सगर (१८३८-१९०९) ह्या डच वैद्यास दिले जाते. त्या पद्धतीत तेल लागते ते हात सरकण्यापुरते, दोन-तीन चमचे. म्हणून तेथे खाली गालिचा चालतो, टेबलास फोमची गादी चालते, चादर अंथरता येते आणि मालिशनंतर माणूस कपडे घालून निघून जातो. आपल्या अभ्यंगास शंभर-दीडशे मिलिलिटर तेल सहज लागते, शिरोधारेस दीड-दोन लिटर, आणि सर्वांगधारेस त्याहून कितीतरी अधिक. ती कोरडी खोली, ही ओली खोली. कोरड्या खोलीचे चित्र पाहून ओली खोली बांधली की मास्तरीणबाई पडणारच.

काही वर्षांनी समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका हॉटेलच्या मालकांनी मला अशी खोली उभारण्यासाठी सल्लागार म्हणून बोलाविले. त्यांच्या तरुण वास्तुरचनाकाराने आराखडा सिद्ध ठेवला होता. काळ्या ग्रॅनाइटची आरशासारखी जमीन, कोपऱ्यात नदीतील गोटे, मेणबत्त्या, काचेच्या भिंतीआड न्हाणीघर आणि त्यात शिरावयास दोन पायऱ्या. चित्र खरोखर देखणे होते. मी त्यांस विचारले, "हे चित्र आपण कोठे उभे राहून काढले?" ते म्हणाले, "दारातून." मी म्हटले, "गिऱ्हाईक दारात अर्धे मिनिट असते. नंतरचा एक तास ते आडवे असते. आपण जरा आडवे व्हा." नमुन्याची खोली अर्धवट बांधून झालीच होती. तेथील बाकावर ते बिचारे उताणे झाले. वरचा दिवा थेट डोळ्यांत येत होता. वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका पोटावर पडत होता. आणि छतामागून मुदपाकखान्याच्या धुराड्याची घरघर ऐकू येत होती. पाच मिनिटांनी ते उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, नवा कागद घेऊ या." पुढे आमचे चांगले जमले.

त्या नव्या कागदावर आम्ही प्रथम भिंती काढल्या नाहीत. टेबलावरून उतरलेल्या माणसाच्या पावलांचा मार्ग काढला आणि तो शक्य तितका आखूड केला. बारा फूट रुंद व सोळा फूट लांब अशी एकच खोली, तिच्या एका टोकास उंबरठा नसलेले न्हाणीघर आणि मध्ये केवळ पडदा. टेबलाच्या चहूबाजूंस तीन-तीन फूट मोकळी जागा, कारण दोन परिचारक दोन्ही अंगांनी एकाच लयीत हात चालवितात आणि डोक्याकडे शिरोधारेची घडवंची उभी करावी लागते. टेबलाशेजारी चाकांची, पाणी लागले तरी न गंजणारी खुर्ची. रुग्णाने टेबलावरून वळून खुर्चीत बसावयाचे, परिचारकाने चाके अडवून ठेवावयाची, मग खुर्चीसकट न्हाणीघरात न्यावयाचे आणि खुर्चीतच गरम पाणी व उटणे. तरुण, धडधाकट माणसे प्रथम लाजतात, 'मी चालतो की' म्हणतात. त्यांनाही बसवावे. नियमाला अपवाद केला की परिचारक वयाचा अंदाज बांधू लागतो.

जमीन खडबडीत पृष्ठाच्या कोटा किंवा शहाबादी दगडाची असावी आणि तिला जाळीकडे ऐंशी ते शंभरास एक असा उतार द्यावा. दगडास पॉलिश करण्याचा मोह गवंड्यास, मालकास आणि सफाई करणाऱ्यास, सर्वांस होतो. तो मोडून काढावा. रोज रात्री गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश ह्यांनी जमीन घासली नाही, तर खडबडीत दगडही महिनाभरात तेल पिऊन गुळगुळीत होतो. आधाराच्या दांड्या जमिनीपासून तीन फुटांच्या आत, मुठीत मावतील एवढ्या जाडीच्या आणि काँक्रीटमध्ये पक्क्या बसविलेल्या हव्यात. टॉवेल अडकविण्याची नाजूक दांडी आधाराच्या दांडीसारखी दिसते आणि पडता माणूस तीच धरतो, हेही ध्यानात ठेवावे. दार तीन फूट रुंद व बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवावे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर दार त्याच्याच अंगावर ढकलावे लागते.

टेबलाविषयी वैद्यांत मतभेद आहेत. केरळातील परंपरेप्रमाणे एकाच खोडातून कोरलेली लाकडी द्रोणी मला अद्यापही श्रेष्ठ वाटते. चरक-सुश्रुतांनाही द्रोणी परिचित होती. केरळात कडुनिंब, काजरा इत्यादींचे लाकूड त्यासाठी वापरतात. कडेच्या पन्हळीतून ओघळलेले तेल पायाकडील छिद्रातून भांड्यात जमते, जमिनीवर येत नाही. हल्ली तंतुकाचेच्या द्रोण्या स्वस्त मिळतात, धुण्यास सोप्या असतात. परंतु त्या पाठीस थंड लागतात आणि तेल पडताच रुग्ण त्यांत माशासारखा सरकतो. फोमच्या गादीचे रेक्झिन शिवणीतून तेल पिते आणि चार महिन्यांत खवट वास येऊ लागतो; मग तो वास झाकण्यासाठी उदबत्ती लावतात. अभ्यंगाच्या खोलीत शिरताच उग्र सुगंध आला, तर मी आधी गादी उचलून हुंगतो. एका रुग्णाचे जमलेले तेल दुसऱ्यास वापरू नये, हे येथे सांगावे लागू नये, तरी सांगतो.

उंचीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. परिचारकास सोयीची उंची म्हणजे हात सरळ सोडून मूठ मिटली असता बोटांची पेरे जेथे टेकतील ती. ती साधारण सव्वादोन ते अडीच फूट येते. ह्याहून उंच टेबल असले तर दाब खांद्यातून द्यावा लागतो, सखल असले तर कमरेतून. आणि दिवसास चार-पाच अभ्यंग करणाऱ्या माणसाची कंबर व अंगठ्याचे सांधे काही वर्षांत जाब विचारू लागतात. माझ्याकडील पहिल्या दोन परिचारकांनी पाठदुखीमुळे काम सोडले आणि मी त्यांस तेलच चोळावयास दिले, ह्याची आज लाज वाटते. दुसरीकडे, गुडघे धरलेल्या वृद्धेस अडीच फुटांवर चढणे-उतरणे म्हणजे संकट. खाली-वर होणारे टेबल परवडत असेल तर वादच मिटतो. न परवडल्यास द्रोणी सव्वादोन फुटांवर ठेवावी, उंच परिचारकाने पाय फाकून उभे राहावे आणि चढण्यासाठी दोन पायऱ्यांची, रबर लावलेली, रुंद पायांची घडवंची ठेवावी. उतरण्यापूर्वी रुग्णास पाच मिनिटे कुशीवर ठेवून, मग तेवढाच वेळ पाय सोडून बसवावे. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांस ह्यातून कदापि सूट नाही.

उष्णतेचा विचार रुग्णाच्या अंगाने करावा. आपण अंगभर कपडे घालून २४ अंशांवर सुखी असतो. विवस्त्रप्राय पडलेल्या माणसास २७-२८ अंश लागतात. परिचारक घामाघूम होतो आणि हळूच यंत्र थंड करतो, म्हणून त्याच्या बाजूस भिंतीलगत मंद पंखा द्यावा आणि तापमानाची कळ खोलीबाहेर ठेवावी. गोव्याच्या पावसाळ्यात ओल बाहेर फेकणारा पंखा नसेल, तर पडदा, लाकूड आणि भिंत ह्यांवर बुरशी धरते. तेल नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून तापवावे, थेट शेगडीवर नव्हे. ३८ ते ४० अंश पुरे. मधुमेहाने ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, तो 'छान कोमट आहे' असे म्हणत पाय भाजून घेईल. म्हणून विचारू नये, तापमापक बुडवावा आणि आपल्या मनगटाच्या आतील बाजूस थेंब टाकून पाहावा. टाकीतील पाणी जंतूंच्या भयाने ६० अंशांवर ठेवणे योग्यच, परंतु तेवढे तापलेले पाणी काही सेकंदांत त्वचा पोळते; नळावर गरम-थंड मिसळून ठरावीक तापमान देणारी झडप हवी. ओल्या खोलीतील सर्व विजेस ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारा आरसीसीबी लावावा. दिवे दोन प्रकारचे: भिंतीवरून परावर्तित होणारे मंद पिवळसर, आणि साफसफाई व त्वचापरीक्षणासाठी स्वच्छ पांढरे. मंद उजेडात तेलाचा थेंब जमिनीवर दिसत नाही, म्हणून रुग्ण उतरण्यापूर्वी पांढरा दिवा लावण्याची सवय आम्ही पाडली आहे.

आता टॉवेलांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुष्कळ वैद्यांस हे सांगितल्यावर खरे वाटत नाही. एका पावसाळ्यात कपडे वाळेनात, म्हणून मी वाळविण्याचे यंत्र घेतले. धुतलेले टॉवेल त्यात कडकडीत वाळवून परिचारिकेने संध्याकाळी गरम असतानाच घड्या घातल्या आणि लाकडी कपाटात रचून ठेवल्या. रात्री दहाच्या सुमारास वर राहणाऱ्या घरमालकांना जळका, खवट वास आला. आम्ही कपाट उघडले. वरचे टॉवेल शुभ्र, आणि गठ्ठ्याच्या मधले तपकिरी, दोन तर कोळशासारखे. आग कोणी लावली नव्हती. तिळाच्या तेलातील सुमारे ८५ टक्के मेदाम्ले असंतृप्त असतात. साध्या धुण्याने ते तेल धाग्यांतून पूर्ण निघत नाही. प्राणवायूशी संयोग होताना त्यातून उष्णता निघते. यंत्राने दिलेली ऊब त्या क्रियेस वेग देते. आणि घट्ट रचलेल्या गठ्ठ्यातून उष्णता बाहेर पडत नाही. ती साठत साठत कापड आपोआप धुमसू लागते. खोबरेल सुमारे ९० टक्के संतृप्त असल्याने ह्या बाबतीत कितीतरी निरुपद्रवी आहे, पण केवळ तेवढ्यासाठी तिळतेल सोडणे वैद्यास शक्य नाही. म्हणून टॉवेल सोडा घालून उकळत्या पाण्यात धुवावेत, यंत्रात वाळविल्यास शेवटी थंड हवेवर फिरवावेत, पसरून पूर्ण निवू द्यावेत आणि मगच घड्या घालाव्यात. धुऊनही तेलाचा वास येणारा टॉवेल टाकून द्यावा. वापरलेले तेलकट कापड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि डबा रोज रिकामा करावा.

मोरीचे थोडक्यात. मूग किंवा हरभऱ्याचे पीठ, तेल आणि गरम पाणी ह्यांचा नळात जो गोळा होतो, तो कोणत्याही आम्लास दाद देत नाही. जाळीखाली तेल-पीठ अडविणारी, हाताने उपसता येईल अशी कुंडी बांधावी आणि आठवड्यातून एकदा ती उपसली जाते आहे हे स्वतः पाहावे.

आणीबाणीचा विचार आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी तरी टाळू नये. टेबलावर रुग्णाचे हृदय थांबले तर? फोमच्या गादीवर छाती दाबण्याचा उपयोग होत नाही, खाली कठीण पाठ लागते; येथे लाकडी द्रोणी पुन्हा उपयोगी पडते, मात्र तिच्या कडा आड येत नाहीत ना, हे आधीच अजमावून पाहावे. तेलकट छातीवर हात घसरतात आणि डिफिब्रिलेटरच्या पट्ट्या चिकटत नाहीत. टेबलाखाली ठरलेल्या जागी दोन कोरडे, जाड, कधीही मालिशसाठी न वापरलेले टॉवेल केवळ ह्यासाठी ठेवावेत. आम्ही वर्षातून दोनदा एका परिचारकास तेल लावून ह्याची तालीम करतो. पहिल्या वेळी सर्वजण हसले. दुसऱ्या वेळी घड्याळ लावले होते, तेव्हा कोणी हसले नाही.

राहता राहिली लज्जारक्षणाची बाब. दारास आतून कडी नको. बाहेर 'आत रुग्ण आहे' असे दर्शविणारा दिवा हवा. रुग्णाच्या हातास पडल्यापडल्या लागेल अशी घंटेची दोरी हवी, आणि ती दोरी कशासाठी आहे हे त्यास आधी सांगावयास हवे. खोलीत कॅमेरा कोणत्याही सबबीवर नको. स्त्रियांस स्त्री, पुरुषांस पुरुष परिचारक हा माझ्याकडील नियम आहे. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी ह्यावर बरीच हुज्जत घातली; मालकांच्या मातोश्रींनी माझी बाजू घेतली, आणि प्रश्न मिटला.

मास्तरीणबाई वर्षभराने काठी टेकत चिकित्सालयात आल्या. तोवर मी बोळाची भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली होती, लाद्या उखडून दगड घातला होता. गुडघ्यांचा अभ्यंग त्यांनी पुन्हा करवून घेतला. खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांनी काठीच्या टोकाने दगड दोन ठिकाणी घासून पाहिला आणि मग बसल्या.

हॉटेलातील खोलीही आमच्या दुसऱ्या कागदाप्रमाणेच बांधली गेली. काळा ग्रॅनाइट आधीच विकत घेतलेला होता; तो स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावला आहे, आणि तेथे तो शोभतोही.